खडकीचा दारूखाना

नातेपुत्याहून पालखीच्या वाटेने पूर्वेस निघाले म्हणजे माळशिरस लागते, आणि तेथून काही कोसांवर नीरेकाठचे अकलूज. 1689 च्या प्रारंभी छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले, त्या समयी औरंगजेब बादशहाचा मुक्काम याच अकलुजास होता. आमच्या मुलखाने दारूगोळा पाहिला तो बहुतांशी असा, आल्यागेल्या फौजांच्या गाड्यांवर लादलेला. तो घडतो कोठे, कोणाच्या हातून आणि कोणत्या बंदोबस्तात, हे जाणावयाचे तर याच वाटेने उलट पुण्याकडे जावे लागते.

दारूचा इतिहास लिहिणारे बहुधा स्फोटांचा इतिहास लिहितात. वस्तुतः तो प्रामुख्याने जपणुकीचा इतिहास आहे. शिवकालीन अठरा कारखान्यांत दारूखान्याची स्वतंत्र गणना होती, आणि रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडकोटांविषयी जे लिहिले त्यात दारूखान्याचा मजकूर मोठ्या दक्षतेने आलेला आहे: तो राहत्या घरांपासून दूर असावा, दारूस दमटपणा लागू नये म्हणून ती ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात द्यावी, भांड्यांची तोंडे पुन्हा मुद्रा करून बंद करावी, आणि चौकीपहारा अखंड असावा. मुत्सद्द्याने राजनीतीच्या ग्रंथात मडक्यांच्या तोंडांची काळजी वाहावी, हे मला त्या ग्रंथाच्या थोरवीचेच लक्षण वाटते.

पेशवाईची अखेर ज्या रणांगणावर दिसू लागली ते खडकीचे रण. 5 नोव्हेंबर 1817 रोजी बापू गोखल्यांच्या घोडदळाने तेथे चाल केली, तिचा परिणाम सर्वश्रुत आहे. पुढे त्याच माळावर इंग्रजांची छावणी वसली, आणि 1869 साली तेथे लहान हत्यारांच्या दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. तत्पूर्वी काडतुसांचे प्रमुख ठाणे बंगालमध्ये कलकत्त्यानजीक डमडम येथे होते. चरबी लावलेल्या काडतुसांची वदंता 1857 च्या जानेवारीत तेथूनच उठली आणि साऱ्या पलटणींत पसरली, हे ध्यानी घेता मुंबई इलाख्याने स्वतःचा कारखाना घाटमाथ्याआड उभारावा यात नवल नाही. बोरघाटातील लोहमार्ग 1863 साली पुरा होऊन पुणे मुंबई बंदरास जोडले गेले होते, आणि मुळेचे पाणी हाताशी होते. स्थळाची निवड या दोन गोष्टींनी केली, असे मानण्यास जागा आहे.

त्या काळची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. शेकडा सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. सोरा मुख्यतः बिहारकडून येई, गंधक बहुधा परदेशातून, आणि कोळसा हलक्या लाकडाचा. कारखाना उभा राहण्यापूर्वी दोनच वर्षे आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतलेले होते, म्हणजे खडकीची दारू जन्मतःच जुनी होण्याच्या पंथास लागली होती. (आमच्या भागात मुरूम संपून काळा पाषाण लागला की विहिरीस सुरुंग लावतात; तो धंदा याच शोधाने बदलला, आणि डोंगरी खडकात पाणी शोधणाऱ्या कुणब्यावरील नोबेलचे ऋण युद्धखात्यावरील ऋणाहून कमी नाही.) काळ्या दारूच्या जागी धूर न करणारे कॉर्डाइट आले, ज्यात नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन असिटोनमध्ये कालवून लगदा करीत, आणि असिटोन पुरेसे मिळेना म्हणून पहिल्या महायुद्धात नाशिक रोडला आंबवण्याच्या क्रियेने ते काढण्याचा कारखाना बांधण्यात आला, ज्याचे पुढे मद्याच्या भट्टीत रूपांतर झाले. तोफेची सामग्री करण्यास निघालेली इमारत अखेर अबकारी खात्याच्या हवाली व्हावी, यातला विनोद त्या खात्याच्या दफ्तरात मात्र नमूद नसेल.

स्फोटके ही सरकारची मक्तेदारी, हा दंडक याच काळात बळकट झाला. 1884 चा स्फोटकांचा कायदा परवान्याचा होता. 1908 चा कायदा मात्र भयाचा. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर तो 8 जून 1908 रोजी मंजूर झाला, आणि दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा लेख आला. बॉम्बला मोठ्या कारखान्याची गरज नसते, सामग्री थोडी आणि ज्ञान सुलभ, तेव्हा कायद्याने ते आवरता येणार नाही, असा टिळकांच्या प्रतिपादनाचा आशय होता. याच्यासह ‘देशाचे दुर्दैव’ या लेखावर खटला होऊन त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व मंडाले नशिबी आले. ‘केसरी’च्या गायकवाडवाड्यापासून खडकीचा कारखाना दोनतीन कोसांच्या आत. एकीकडे सरकार अहोरात्र काडतुसे भरीत होते, तर दुसरीकडे बॉम्बविषयी दोन ओळी छापणे राजद्रोह ठरत होते.

दुसऱ्या महायुद्धात मात्र खडकीचा विस्तार झपाट्याने झाला. मध्यपूर्वेच्या आघाडीसाठी हिंदुस्थानातून पुरवठा व्हावा असे धोरण 1940 मध्ये दिल्लीच्या पूर्वगट परिषदेत ठरले, आणि जुन्या कारखान्याशेजारी उच्च स्फोटकांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. अशा कारखान्याची व्यवस्था पाहणाऱ्यास ती प्रथम विचित्र वाटते: घातक इमारती परस्परांपासून लांब, मध्ये मातीचे उंच बांध, कामगाराच्या जोड्यास लोखंडी खिळा नाही, अवजारे पितळेची वा तांब्याची, आणि दरवाजावरच काडीपेटीची झडती. अमात्यांनी घरांपासून दूर म्हटले, तेथे अभियंत्यांनी अंतराचे कोष्टक केले, बुद्धी तीच.

ती बुद्धी जेथे सुटली तेथे काय होते, याचा दाखला लवकरच मिळाला. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके होती, आणि कराचीस त्याच जहाजात कापसाच्या गाठी भरण्यात आल्या. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापसाने पेट घेतला. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली, अग्निशामक दलाचे 66 जवान त्यात होते. शत्रूचे एकही विमान आले नव्हते. लढाईची निकड हे कारण जरी पुढे केले, तरी कापूस आणि दारू एका पोटात घालण्याची ती चूक मला अक्षम्य वाटते, कारण ज्यांनी ती केली त्यांच्याच सरकारने खडकीत काडीपेटीची झडती लावलेली होती.

स्वातंत्र्यानंतर कारखाने तसेच चालू राहिले. 1960 साली पुण्यात स्फोटकांच्या संशोधनाची स्वतंत्र प्रयोगशाळा निघाली, जिचे नाव 1995 पासून उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा असे आहे, आणि 1964 मध्ये भंडाऱ्यास नवा कारखाना उभा राहिला. तेथे 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार दगावले, हे सांगितल्यावाचून या वारशाचा हिशेब पुरा होत नाही.

1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले आणि तिचे मुख्यालय खडकीसच राहिले. कामगार संघटनांचा विरोध होता. संप होऊ नये म्हणून त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवांचा कायदा आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या सरकारी चाकरीत मोडणारे हात कंपनीत प्रतिनियुक्तीवर असल्याचे कागदोपत्री मानण्यात आले.