पालकसभेनंतरच्या चिठ्ठ्या

देवासच्या एका खासगी हायस्कूलमध्ये मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. पालकसभेत पालक भरभरून बोलायचे आणि शेजारी मुलं मान खाली घालून उभी असायची. ते मला बघवेना. मग दर सभेनंतर मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्यायला लागले. बुटाच्या खोक्यात त्या अजून जपून ठेवल्यात.

पालकांना शाळेकडून काय हवं असतं, ते माझ्याच आयुष्यात दोनदा बदललं. आजोबा देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून. एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. आजोबांच्या मते चांगली शाळा म्हणजे जिथं पोराची मोडी वळणदार होते आणि हिशेबाला पै चुकत नाही. त्यांनी मला एकदा धारला नेलं होतं. तिथं भोजशाळेच्या खांबावर नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि संस्कृतचे प्रत्यय कोरलेत. आजोबा धोतराचा सोगा सावरत वाकले आणि एकेका अक्षराकडे बोट करत म्हणाले, "बघ, दगडातली पाटी."

1948 मध्ये दोन्ही पात्या आणि धार संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झाले. कचेरीत हिंदी आली, तशी वडिलांनी मला हिंदी शाळेत घातलं. मराठी स्वयंपाकघरात आणि देवघरात राहिली. याचं मला अजून वाईट वाटतं; माझ्या भाच्यांना आजोबांचं एकही पत्र वाचता येत नाही. पुढं 1970 च्या दशकात बँक नोट प्रेस आली, कारखाने आले, बदलीवर माणसं आली. आता पालक दारातच विचारायचे, "मॅडम, इंग्लिश मीडियम आहे ना?" त्यांचं चुकत होतं असं नाही. नोकरीची भाषा ज्या त्या काळात प्रत्येकानं ओळखली होती.

मुलांच्या चिठ्ठ्यांत मात्र माध्यमाचा उल्लेख क्वचितच. 1990 च्या सुमारास देवासला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हाची एक चिठ्ठी वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर आहे, पेन्सिलीनं लिहिलेली: "शाळा चांगली आहे. पण पाणी प्यायला जाऊ का विचारलं की सांगतात, घरून पिऊन यायचं. घरी नळाला आठ दिवसांनी पाणी येतं." तोवर सभेत कुणा पालकानं पाण्याचा विषय काढला नव्हता, आणि रोज त्याच वर्गात जाऊन मलाही तो दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात दोन माठ आणून ठेवले. भरायच्या पाळ्या मुलांनीच लावून घेतल्या. पुढच्या सभेनंतर त्याच अक्षरातली चिठ्ठी आली: "सोमवारी माठ भरायची पाळी माझी असते. सोमवारी मी कधीच उशिरा येत नाही."