घोड्यावरचा वारा आणि फटफटीवरचा वारा

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की आमच्या अंकुशनगरच्या हवेत दोन गोष्टी हळूहळू उतरू लागतात. एक पहाटेची बोचरी थंडी आणि दुसरा उसाच्या रसाचा गोडसर वास. समर्थ सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे भल्या पहाटेपासून रस्त्यावर फटफटींचा आवाज ऐकू येतो. पाळीवर निघालेले कामगार, तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन फडाफडांतून हिंडणारे चिटबॉय, दुधाचे कॅन अडकवलेले गवळी, सारे मान खांद्यांत घालून आणि दात आवळून चाललेले असतात. त्यांच्याकडे पाहिले की मला वाटते, हा देखावा आपल्या मुलखाला काही नवा नव्हे.

मराठ्यांच्या स्वाऱ्यासुद्धा दसऱ्याचे सीमोल्लंघन करूनच निघत. पावसाळ्यात नद्या दुथडी भरलेल्या, वाटा चिखलाने बुजलेल्या. तेव्हा मोहिमेचा काळ म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा. स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार असो की सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर असो, त्याचा हिवाळा खोगिरावरच जायचा. त्याच्या अंगावर कापूस भरलेला डगला, कमरेला घट्ट शेला, डोक्याला मुंडासे आणि जवळ घोंगडी!

या घोंगडीला आपण उगाच गरिबाचे पांघरूण म्हणून हिणवतो. दख्खनी मेंढीची राठ लोकर हाताने कातायची, तिच्या धाग्यांना चिंचोक्याची खळ द्यायची आणि सणगराने ती मागावर ठोकून ठोकून विणायची. असे हे वस्त्र मऊ नसते, अंगाला टोचते. परंतु त्याची वीण घट्ट, म्हणून वारा सहसा आत शिरत नाही. आणि लोकरीच्या केसांत अडकलेली हवा जागची हलत नाही. खरी ऊब देते ती ही न हलणारी हवा. मेंढपाळ घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो, तेव्हा तो डोके, कान, मान आणि पाठ एकाच घडीत झाकतो. शास्त्र त्याला कोणी शिकवलेले नसते, पण शास्त्राच्या विरुद्धही तो वागत नाही.

पुढे घोडा गेला आणि यंत्र आले. १८८५ साली जर्मनीत डाइम्लर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली मोटारसायकल चालवली. आपल्याकडे १९५५ साली मद्रासला बुलेट जुळवली जाऊ लागली, १९६१ साली म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, पाठोपाठ राजदूत आली आणि १९८५ साली हिरो होंडा आल्यावर तर फटफटी वाडीवस्तीवर पोचली. घोडा दमाने चालला तर तासाला तीनचार कोस जायचा, शिवाय त्याच्या अंगाची ऊब स्वाराच्या मांड्यांना मिळायची. यंत्र तासाला साठ किलोमीटर सहज जाते आणि ऊब देते ती फार तर नडग्यांपुरती. वाहन बदलले, वेग बदलला, पण वाऱ्याला अडवण्याचे जुने शहाणपण मात्र मागे राहिले. आपण विणीविणीतून वारा शिरणारा स्वेटर घालतो, मफलर गुंडाळतो आणि निघतो.

वारा नेमके काय करतो, हे अंटार्क्टिकात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघा अमेरिकनांनी मोजले. पाण्याने भरलेले एक लहान नळकांडे वाऱ्यात टांगायचे आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते पाहायचे, एवढाच तो प्रयोग. त्याचे निष्कर्ष १९४५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००१ साली सुधारलेल्या सूत्राने हिशोब केला, तर हवा १० अंशांवर असता ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी लागते. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसवरून ऐंशीवर गेलो, तर वेग दुप्पट झाला असे आपण म्हणतो. छातीवरचा रेटा मात्र चौपट झालेला असतो. तो रेटा मान, खांदे आणि मनगटे तासन्तास झेलतात. प्रवासाहून आल्यावर ‘नुसता बसून तर आलास, दमायला काय झाले?’ असे घरचे विचारतात, त्याचे उत्तर हे आहे.

या अज्ञानाची किंमत मीही मोजली आहे. वीसेक वर्षांपूर्वी पौषातल्या एका पहाटे मी शहागडकडे निघालो होतो. अंगात दोन स्वेटर, हात मात्र उघडे. गोदावरीकाठच्या सखल भागात गारठा एकदम वाढला. पुढे अंधारात एक उसाची बैलगाडी उभी दिसली. ब्रेक दाबायचे मनात आले, पण बधिर बोटे वेळेवर वळलीच नाहीत. गाडीच्या मागच्या मोळ्यांवर आदळलो, म्हणून मनगटावर निभावले. शेकोटीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला उठवले, हात चोळून दिले आणि म्हणाला, ‘‘मास्तर, लोकर घातली खरी, पर वारं कुठं अडवलं? ऊब तर आपल्या अंगातच असती. तिला पळू द्यायची न्हाई, बस.’’

इतकी वर्षे मुलांना शिकवले, पण एवढा नेमका धडा मला क्वचितच देता आला असेल.

त्या दिवसापासून मी काही नेम पाळतो. फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीतले स्वार घाट उतरताना सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र खोचत. तशी घडी मी छातीवर घालतो आणि वर वारा न शिरणारे जाकीट. हातमोजे आधी, स्वेटर नंतर. मफलरचे टोक किंवा ओढणीचा पदर कधी मोकळा सोडायचा नाही. चाकात गेला तर जिवावर बेततो. तासाभराने उतरायचे, चार पावले चालायचे, चहा घ्यायचा. आणि काच असलेले हेल्मेट तर हवेच. १९३५ साली ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतले डॉक्टर ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातल्या स्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणाचे महत्त्व पटवून दिले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते बंधनकारक केले. डोके वाचवणारी वस्तू कानांतला वाराही वाचवते, हा फायदा वरचा.

आता भाऊबीज येईल. गावोगावचे भाऊ पहाटे फटफटीला किक मारून बहिणीकडे निघतील आणि अंधार पडल्यावर परततील. बहिणींनो, भावाला ओवाळून झाले, करंज्यांचा डबा पिशवीत भरून झाला, की निघताना त्याचे हातमोजे तेवढे विचारा आणि जुन्या वर्तमानपत्राची एक घडी त्याच्या हाती द्या. तो हसेल. हसू द्या, पण ती छातीशी खोचल्याशिवाय त्याला दारातून हलू देऊ नका.