न्यूमार्केटचे मोतद्दार

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर ‘एक हजार गिनी’ व ‘दोन हजार गिनी’ या नावांच्या शर्यती होतात. ही नावे ज्या गावाहून आली ते न्यूमार्केट, इंग्लंडच्या सफोक परगण्यातले एक बाजारपेठेचे गाव. तिथे ‘दोन हजार गिनी’ 1809 मध्ये सुरू झाली, ‘एक हजार’ 1814 मध्ये. गाव लहान, पण शर्यतीचे घोडे आजही 3000 च्या घरात. पहाटे त्यांच्या रांगा माळाकडे रपेटीला निघतात.

या गावाचा इतिहास राजांपासून सांगण्याची रीत आहे. पहिला जेम्स 1605 मध्ये इथे आला. दुसऱ्या चार्ल्सने 1671 मध्ये स्वतः घोड्यावर बसून शर्यत जिंकली. राजाच्या पुढे घोडा काढण्याची कोणाची छाती होती, हे आम्ही आपणांवर सोपवतो. पुढे 1750 च्या सुमारास उमरावांचा जॉकी क्लब निघाला. आम्हांस मात्र खरारा करणाऱ्या माणसाविषयी अधिक कुतूहल आहे.

पैजेचा पैसा आला की कायदाही दोन मापांनी मोजू लागतो. डॅनियल डॉसन नावाच्या माणसाने घोड्यांच्या पाण्यात सोमल कालवला. 1812 साली केंब्रिजला त्याला फाशी झाली. ज्यांच्या पैजांसाठी हे घडले ते सट्टेवाले फासापर्यंत गेले नाहीत. 1906 च्या कायद्याने रस्त्यावर पैज लावणे गुन्हा ठरले. ज्याची बाजारात पत होती त्याची उधारीवरची पैज मात्र कायदेशीरच राहिली. खिशातल्या नाण्यानिशी पैज लावायला मजुराला कायद्याने दुकान मिळाले ते 1 मे 1961 रोजी.

बरोबर चौदा वर्षांनी, 1 मे 1975 या दिवशी, ‘एक हजार गिनी’च्या वेळी न्यूमार्केटच्या मोतद्दारांनी मैदान अडवले. इंग्रजीत त्यांना ‘लॅड’ म्हणजे पोऱ्या म्हणतात; पन्नाशीचा झाला तरी तो पोऱ्याच! मागणी आठवड्याला 4 पौंड 70 पेन्स वाढीची. वाहतूक व इतर कामगारांची मोठी युनियन त्यांच्या पाठीशी होती. प्रेक्षक आणि काही जॉकी त्यांच्या अंगावर धावून गेले, हाणामारी झाली. लाखमोलाच्या घोड्याला चंदी चारणारा माणूस रोजीसाठी आडवा येतो, हेच त्यांना सहन झाले नाही.

कारखान्यांच्या दारांत बसून आम्ही संप पाहिले आहेत. यंत्र बंद केले तर ते उपाशी राहत नाही. घोड्याला वेळेवर चंदी-पाणी लागते, पायाची सूज रोज हाताने चाचपावी लागते. आणि मोतद्दाराचा जीव त्याच्यात गुंतलेला असतो. मालकाच्या बाजूचा सर्वांत मोठा हस्तक तबेल्यातच उभा असतो, तो म्हणजे हा घोडा! शिवाय घोडा जिंकला की बक्षिशी मिळते, त्या आशेने कमी पगार गिळला जातो. त्यामुळे सगळे बाहेर पडले नाहीत. उन्हाळ्यात संप मिटला, पगार वाढले. पण कित्येक संपकऱ्यांना पुन्हा जागा मिळाली नाही.

3 मे रोजी ‘दोन हजार गिनी’ धावली. एकास तेहतीस भावाचा बोल्कोन्स्की जिंकला. त्याला सांभाळणारा मोतद्दार त्या दिवशी संपकऱ्यांत होता.