ड्रायव्हर, कंडक्टर आणि पँटच्या कमरेचं माप

व्यायाम केला की हृदय चांगलं राहतं, हे आज कुणालाही पटवावं लागत नाही. पण दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हे डॉक्टरांनाही ठामपणे माहीत नव्हतं. उलट हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणात झोपवून ठेवायची पद्धत होती. ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुष या आजाराने मोठ्या संख्येने मरू लागले होते, आणि का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

जेरी मॉरिस यांनी नेमका हाच प्रश्न हातात घेतला. जन्म १९१० चा, वाढले ग्लासगोत. युद्धकाळात लष्करी डॉक्टर म्हणून काही वर्षं भारतातही होते. १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने सोशल मेडिसिनचा विभाग काढला, तो त्यांच्याकडे आला. आजाराचा कामाशी काही संबंध असेल का, एवढाच त्यांचा सुरुवातीचा अंदाज होता. आपल्याकडे पीएचडीचं सिनॉप्सिस लिहिताना हायपोथिसिस एकदम धारदार हवं असा आग्रह असतो. इथे ते बरंच ढोबळ होतं, आणि तरी चाललं, कारण तुलना फार हुशारीने निवडली होती.

आता ही तुलना बघा. लंडनची डबलडेकर बस. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच कंपनीचे, साधारण एकाच सामाजिक थरातले, एकाच धुरात आणि एकाच शिफ्टमध्ये काम करणारे. फरक एकच ठळक. ड्रायव्हर शिफ्टचा जवळजवळ सगळा वेळ बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढउतार करणारा. (मुंबईत बेस्टच्या डबलडेकरला वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असायचे. म्हणजे हाच अभ्यास इकडे जसाच्या तसा उचलून केला असता तर जिन्याचा मुद्दाच निसटला असता. दुसऱ्या देशातलं डिझाइन घेताना असं काहीतरी हमखास नजरेतून सुटतं.)

लंडन ट्रान्सपोर्टकडे आजारपणाच्या रजांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी होत्या. त्यांचेच एक डॉक्टर, रॅफल, संशोधनात सहलेखक होते, त्यामुळे कपाटं उघडली गेली. ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१,००० पुरुष कर्मचारी. निकाल असा आला, की दर हजारी वर्षाला ड्रायव्हरमध्ये २.७ जणांना हा हृदयविकार, कंडक्टरमध्ये १.९ जणांना. झटका येऊन लगेच मृत्यू होण्यात तर फरक याहून मोठा, कंडक्टरमध्ये प्रमाण साधारण निम्मं.

पण एक गोष्ट उलटी दिसली. छातीत कळ येणं, म्हणजे अंजायना, कंडक्टरमध्ये जास्त. याचे दोन अर्थ निघतात. त्यांचा आजार सौम्य रूपात येत असेल, किंवा रोज जिना चढणाऱ्याला कळ लवकर जाणवत असेल आणि बसून असणाऱ्याला ती कळतच नसेल. मला या पेपरमधला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मोजमापच कामावर अवलंबून असेल तर काय, हा प्रश्न आपल्या प्रत्येक डेटाला विचारायला हवा.

मॉरिस यांनी निकाल लगेच छापला नाही. टपाल खात्याकडे वळले. चालत आणि सायकलवर पत्रं वाटणारे पोस्टमन एकीकडे, टेलिफोनवर आणि टेबलावर बसणारे दुसरीकडे. तिथेही तेच चित्र निघालं. मग १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला.

आता खरी अडचण. ड्रायव्हरला आजार बसून राहिल्याने होतो, की आधीच आजाराकडे झुकलेली माणसंच ड्रायव्हर होतात? कोण कुठलं काम निवडतो, हे काही चिठ्ठी टाकून ठरत नाही. याचं उत्तर शोधायला मॉरिस आणि सहकाऱ्यांनी चक्क युनिफॉर्मची नोंदवही काढली. कंपनी प्रत्येकाला कपडे शिवून द्यायची, त्यामुळे पँटच्या कमरेची मापं आयती लिहिलेली होती. १९५६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं: तरुण वयापासूनच ड्रायव्हरची कंबर कंडक्टरपेक्षा मोठी.

स्वतःच्याच निष्कर्षाला खिंडार पाडणारी गोष्ट त्यांनी स्वतः छापली! व्हायवामध्ये कुणी विचारू नये म्हणून आपण असल्या गोष्टी परिशिष्टात ढकलतो. पुढे त्यांनी सडपातळ, मध्यम आणि जाडे असे गट करून मृत्यू वेगवेगळे पाहिले, तेव्हा तिन्ही गटांत कंडक्टरच सरस निघाले. म्हणजे कंबर हे सगळं उत्तर नव्हतं. तरी संशय पुरता फिटला नाही, कारण १९६६ च्या अभ्यासात ड्रायव्हरचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही जास्त आढळलं. शिवाय हे सगळं पुरुषांवरच. लंडनच्या बसमध्ये बायका कंडक्टर होत्या, पण त्यांचं काय, ते या आकड्यांत नाही.

तोवर कामंच बैठी होत चालली होती. म्हणून मॉरिस फावल्या वेळाकडे वळले. १९६८ ते ७० मध्ये जवळपास १७,००० सरकारी अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी गाठून मागच्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलं ते लिहून घेतलं. सोमवारच का? आठवण ताजी असते म्हणून. इथे सगळे टेबलावरचेच, त्यामुळे काम निवडण्याचा घोळ बराच कमी. १९७३ मध्ये निकाल आला: दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांचा धोका इतरांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा. मात्र एकूण हालचालीची बेरीज केली तर फायदा दिसेना. जोर किती लावला, ते महत्त्वाचं ठरलं. बसमधल्या पायऱ्यांपेक्षा हा वेगळाच निष्कर्ष होता, आणि हलकी हालचाल किती पुरते यावर वाद पुढेही चालू राहिला.

१९९६ मध्ये ऑलिंपिक समितीने क्रीडाविज्ञानाचं पहिलं पारितोषिक मॉरिस आणि अमेरिकेचे राल्फ पॅफेनबार्गर यांना विभागून दिलं. पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोचे गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी तपासले होते. मॉरिस २००९ मध्ये गेले, वय ९९. त्याच्या चार वर्षं आधी लंडनच्या नेहमीच्या मार्गांवरून जुन्या रूटमास्टर बस निघाल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर जिना चढणारे कंडक्टरही.