खांड आणि खाकी

रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्याच्या उत्सवात निघते, तेव्हा सशस्त्र पोलीस देवाला मानवंदना देतात. ही रीत ब्रिटिश अमदानीपासूनची. ती का पडली, याचं कारण आमच्या घरातला प्रत्येक म्हातारा वेगळं सांगे. आजोबांच्या मते कुणा गोऱ्या साहेबाला देवाने दृष्टान्त दिला होता. थोरल्या काकांना त्यात तथ्य वाटत नसे. चार शिपायांच्या जोरावर तालुका सांभाळता येत नाही, गावाला हाताशी धरावंच लागतं, हे साहेबाने ओळखलं होतं, आणि देवाला सलामी हा त्यातला सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग, असं ते म्हणत. काका नास्तिक नव्हते, हिशेबी होते. मला त्यांचंच पटतं.

आजीचं माहेर पेणच्या खारेपाटात. तिचे वडील पोलीस पाटील. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पाटलाला ठरवून दिलेली कामं म्हणजे गुन्हा घडला की वर्दी द्यायची, बेवारशी प्रेत सापडलं की पंचनामा होईपर्यंत राखण करायची, अनोळखी माणूस गावात उतरला तर नजर ठेवायची. पण आजीच्या गोष्टींत चोर-दरोडेखोर फारसे नसतच. त्यांत असायचं धरमतरच्या खाडीचं उधाण. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला वारा मिळाला की बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडायची. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताची आशा सोडायची. मग मध्यरात्री दवंडी, घरटी एक गडी, पेंढा, फांद्या, चिखल आणि कंदील. जो येणार नाही त्याचं नाव सकाळी चावडीवर. आजी सांगे, त्या रात्रींत तिच्या वडिलांच्या अंगावर सरकारचा अधिकार होता खरा, पण तो कामाला येई तो फक्त माणसं गोळा करायला. खांड कुठून बुजवायला घ्यायची, हे ठरवी एक म्हातारा आगरी, ज्याला सही करता येत नव्हती. पाटील त्याच्या मागे कंदील धरून उभे. फौजदार आणि मामलेदार दोघेही पेणला, आणि पेण व गाव यांच्यामध्ये गुडघाभर चिखल. वर्दी पोचेपर्यंत ओहोटी लागलेली असे.

रोह्याचे मामा होमगार्ड. ही संघटना मुंबईत ६ डिसेंबर १९४६ ला निघाली, दंगलींच्या दिवसांत पोलिसांना हात द्यायला. मामांच्या वाट्याला दंगल आली नाही, बंदोबस्त आले, आणि १९८९ चा जुलै आला. २३-२४ तारखेच्या पावसात आंबा नदीने वर सुधागडात जांभूळपाडा धुऊन नेला आणि खाली रोहा तालुक्यातल्या नागोठण्यात पाणी घुसलं. मामांच्या आठवणीत सगळ्यात ठसठशीत काय असेल, तर बंद पडलेले टेलिफोन आणि पोलिसांचा वायरलेस. महसूलचा माणूस, वीज मंडळाचा माणूस, एसटीचा डेपोवाला, सगळे त्या एका यंत्राभोवती. ज्यांच्या खात्यांची एकमेकांशी एरवी कागदानेही ओळख नसते, ते एकमेकांच्या छत्रीत उभे राहून निरोप सांगत होते. आज ज्याला ‘समन्वय कक्ष’ म्हणतात तो मामांनी त्या दिवशी पाहिला, फक्त त्याला पाटी नव्हती.

वर्षभराने, ५ नोव्हेंबर १९९० ला, नागोठण्याच्या गॅस क्रॅकर कारखान्यात वायुगळती होऊन स्फोट झाला. तिसाहून अधिक माणसं गेली. पुराच्या वेळी काय करायचं ते प्रत्येकाला पिढीजात ठाऊक होतं, इथे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मामा म्हणत, ‘लोक आगीकडे धावत होते, आम्ही त्यांना अडवत होतो, आणि का अडवतोय ते आम्हालाही सांगता येत नव्हतं.’ भोपाळच्या वायुकांडाला सहा वर्षं होत आली होती. घातक रसायनांचे नियम आदल्याच वर्षी आले होते: कारखान्याच्या कुंपणाच्या आतला आराखडा मालकाने करायचा, बाहेरचा जिल्हा प्रशासनाने. कागदावर कुंपण फार सोयीचं. वायू मात्र ते ओलांडतो. १९९६ च्या नियमांनी पुढे स्थानिक आणि जिल्हा पातळीवर गट नेमायला लावले, त्यात कारखाना निरीक्षक, पोलीस, अग्निशमन, डॉक्टर एका टेबलाशी आले. रोह्याला लागून धाटावची रासायनिक वसाहत असल्यामुळे आमच्याकडे हा विषय जेवणाच्या ताटावरचा. वारा कुठून कुठे वाहतो, हे घरातल्या बायका कुठल्याही आराखड्यापेक्षा अचूक सांगतात.

मग १९९३. त्याची गोष्ट घरात कुणी रंगवून सांगत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं, आमच्याच जिल्ह्यातल्या रस्त्यांनी मुंबईकडे गेलं, आणि १२ मार्चला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या, आणि पैशावर सोडल्या. कस्टमचे अधिकारी आणि पोलीस पुढे कोर्टात दोषी ठरले. खात्यांनी एकत्र काम करावं असं जेव्हा कुणी सभेत बोलतं, तेव्हा मला हे आठवतं. त्या महिन्यांत दोन खाती एकत्रच होती. लाचेत. मुंबईतल्या त्या स्फोटांनंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांची संयुक्त गस्त सुरू झाली, ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने. २६/११ नंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, कोळ्यांना ओळखपत्रं मिळाली, होड्यांना रंग ठरले.

२००५ हे वर्ष आमच्याकडे दोन कारणांनी लक्षात आहे. जुलैत महाडजवळ जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या, आणि वर्ष संपता संपता आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याखालच्या जिल्हा प्राधिकरणात कलेक्टर अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष, एसपी आणि सिव्हिल सर्जन सभासद, अशी मांडणी. एनडीआरएफ उभं राहिलं, त्याची आपल्याकडची बटालियन पुण्याजवळ तळेगावला, माणसं केंद्रीय राखीव पोलीस दलातली. म्हणजे एरवी दंगल आवरायला पाठवतात तो जवान इथे ढिगारा उपसतो. मला ही तरतूद शहाणपणाची वाटते. शिस्त, रेशन, गाड्या, वायरलेस हे सगळं त्याच्याकडे आधीच असतं. त्याच्याकडे नसते ती एकच गोष्ट, जागेची ओळख.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसट्यांसह गेला. नौदलाचे पाणबुडे आले, तटरक्षकांची हेलिकॉप्टरं आली, एनडीआरएफने क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक बांधून नदीचा तळ चाचपला. पहिली एसटी सापडायला आठवडा उलटून गेला. प्रेतं मात्र वाहत थेट हरिहरेश्वर, आंजर्ल्यापर्यंत गेली. सावित्री मिळते त्या बाणकोटच्या खाडीत भरती-ओहोटी काय नेते आणि कुठे टाकते, हे किनाऱ्यावरच्या कोळ्यांना पुस्तकाशिवाय पाठ. जिल्ह्यात कुणी बुडालं की हल्ली कोलाडची राफ्टिंगवाली पोरं बोटी घेऊन निघतात. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांना कुंडलिका नदीचा स्वभाव कळणारच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा टाळेबंदी होती. आधी दोन महिने पोलीस सांगत होते, घराबाहेर पडू नका. आता तेच दार ठोठावून सांगत होते, घराबाहेर पडा, शाळेत चला. मामांना त्याचं फार हसू आलं. रोह्याचे खांब आडवे झाले, वीज यायला कितीतरी दिवस गेले, आणि त्या दिवसांत सर्वांत मानाचा माणूस म्हणजे वायरमन. त्याला कुणी सलामी देत नाही.

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला एक रिकामी बोट लागली, आत तीन एके-४७. जिल्हाभर नाकाबंदी, दहीहंडी तोंडावर. मस्कतजवळ इंजिन बंद पडून सोडून दिलेली ती परदेशी बोट निघाली. जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळ नौदलाच्या रडारवर काही दिसलं आणि रात्रभर रेवदंड्याचा किनारा पोलीस, तटरक्षक, बॉम्बशोधक पथकांनी भरून गेला. अखेर तो पाकिस्तानी मच्छीमार बोटीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया निघाला. रेवदंडा म्हणजे आमच्या कुंडलिकेचं मुख, त्यामुळे रोह्यात त्या रात्री कुणी लवकर झोपलं नाही.

मामा आता थकलेत, ऐकू कमी येतं. मी मोठ्याने कोर्लईची बातमी वाचून दाखवली. कुठकुठली पथकं आली ती नावं त्यांनी बोटांवर मोजली, मग विचारलं, ‘कोळ्यांना आधी कुणी विचारलं का रे?’ मी म्हटलं, सागर सुरक्षा दल आहे आता, गावोगावचे कोळी आहेत त्यात, व्हॉट्सअॅपवर ग्रुपही असतात. ‘आणि पगार?’ पगार नाही, म्हटलं. मामांनी चष्मा काढला आणि होमगार्डच्या जुन्या भत्त्याची एक लांबलचक तक्रार सुरू केली, ती आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ आहे.