जमिनीची नावनिशी

नव्या रायपुरात राहावयास जाण्याचे ठरले, तेव्हा इतरांप्रमाणे मीही घरांच्या जाहिराती पाहू लागलो. आता त्यासाठी वर्तमानपत्राचे पान उलगडावे लागत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरविले की घरांची रांग पुढे सरकत जाते आणि प्रत्येक घराखाली किंमत, क्षेत्रफळ, मजला, दिशा असे रकाने भरलेले असतात. त्यातील एक घर आम्हाला पसंत पडले. जाहिरातीत क्षेत्रफळ चौदाशे चौरस फूट दिले होते. आमच्या सौभाग्यवतींनी पर्समधून टेप काढला आणि आम्ही दोघांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत सर्व खोल्या मोजल्या. बेरीज काही केल्या हजाराच्या पुढे जाईना. दलालाला विचारले, तर तो मुळीच ओशाळला नाही. म्हणाला, ‘साहेब, यात जिना आला, लिफ्ट आली, खालच्या बागेचा तुमचा वाटाही आला.’ तो खोटे बोलत नव्हता. ‘क्षेत्रफळ’ या शब्दाचा त्याचा अर्थ निराळा होता आणि माझा निराळा, इतकेच.

घरांच्या अशा यादीमागे यंत्र असते, हे सर्वांना दिसते. यंत्राच्या आधी शब्द असतो, हे मात्र फसगत झाल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. जमीन ही जागची हलत नाही. ती बाजारात उचलून आणून दाखविता येत नाही. तिच्याऐवजी तिचे वर्णन बाजारात येते आणि खरेदी-विक्री होते ती प्रथम त्या वर्णनाची. म्हणून जमिनीचा व्यवहार हा मुळात शब्दांचा व्यवहार आहे, आणि छत्तीसगढात त्या शब्दांचा इतिहास आपणा मराठी माणसांना परका नाही.

नागपूरकर भोसल्यांची सत्ता या मुलखात १७४१ च्या स्वारीनंतर पोचली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून स्वतः कारभार पाहू लागले. ते १७८७ साली वारले. त्यांच्या पश्चात सुभेदारांचा अंमल सुरू झाला. परगण्यावर कमाविसदार, हिशेबाला फडणवीस, साऱ्याच्या नोंदीला बरारपांडे अशी व्यवस्था होती. बरारपांडे हे आडनाव विदर्भात आजही ऐकू येते. हे लोक कशाची नोंद ठेवीत? बिघा किंवा एकर यांची नव्हे. छत्तीसगढात सारा आकारला जाई तो नांगरावर. गावात नांगर किती चालतात, त्यावरून गावाची ऐपत ठरे. मला नेहमी कौतुक वाटते ते असे की, हिंदीत ज्याला ‘हल’ म्हणतात, त्याला छत्तीसगढी शेतकरी ‘नांगर’च म्हणतो. धान्य मोजण्याची ‘खंडी’ही दोघांची सामाईक आहे आणि ती दोन्हीकडे विसांवरच चालते, आपली वीस मणांची, त्यांची वीस काठ्यांची. मातीच्या नावांतही हे नाते दिसते. इकडे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा असे मातीचे चार प्रकार प्रसिद्ध आहेत. त्यांतील ‘कन्हार’ नागपूर-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही, आणि ‘भाठा’ म्हणजे मुरमाड पडीक जमीन म्हटले की त्याला आपली ‘बरडी’ आठवते.

नांगराच्या मोजणीत एक मोठी मोकळीक होती. अनेक गावांतून ‘लाखाबाटा’ची चाल होती, म्हणजे काही वर्षांनी गावच्या शेतांची पुनर्वाटणी व्हावयाची. चांगली-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला सारखी यावी, हा तिचा हेतू. अमुक शेत अमुक माणसाचे, असे कायमचे म्हणताच येत नसे. म्हणता येई ते एवढेच की, अमुक माणसाचे या गावात दोन नांगर आहेत. यादी माणसांची होती, शेतांची नव्हती.

१८१८ नंतर काही वर्षे हा मुलूख इंग्रज अधीक्षकांच्या देखरेखीखाली होता. त्याच साली कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८३० मध्ये तो पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर कायमचा इंग्रजी अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, आणि त्याच दशकात बिलासपूर जिल्ह्याचा बंदोबस्त चिशोम यांनी व रायपूर जिल्ह्याचा ह्यूइट यांनी केला. या बंदोबस्ताने दोन गोष्टी केल्या. गावच्या पुढाऱ्याला ‘मालगुजार’ म्हणून गावाची मालकी दिली, आणि शेताला क्रमांक दिला. शेतांना कायमचे क्रमांक द्यावयाचे, तर ती दर काही वर्षांनी हात बदलून चालणार नव्हते. लाखाबाट्याला कोणी एका दिवसात बंदी घातली नाही. कागदात मात्र त्याला जागाच उरली नाही.

क्रमांक देण्याचे साधन होते साखळी. इंग्रज गणिती एडमंड गंटर यांनी १६२० साली प्रचारात आणलेली ही ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, असा तिचा सोपा हिशेब. मुंबई इलाख्यात तिच्या निम्म्या लांबीची, ३३ फुटांची साखळी चालली. तीमुळे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा झाला. इकडे शंभर भागांची पद्धत पडली, म्हणून एकराचा शंभरावा हिस्सा ‘डिसमिल’ झाला, तो ४३५.६ चौरस फुटांचा. पुण्याचे आमचे बंधू दूरध्वनीवर गुंठ्यांचे भाव सांगू लागतात आणि मी डिसमिलचे, तेव्हा दोन परकी माणसे बोलत आहेत असे वाटते. वस्तुतः ही दोन्ही मापे एकाच एकराची लेकरे आहेत, आणि एक गुंठा म्हणजे बरोबर अडीच डिसमिल!

साखळीपाठोपाठ कागद आले. महाराष्ट्रात सात-बारा रूढ झाला, इकडे खसरा आणि ‘बी-वन’. खसऱ्यात शेत आणि त्यातील पीक, बी-वनमध्ये खातेदार आणि त्याचा सारा. जमीन महसूल संहिता १९५९ ची. ती मध्य प्रदेशासाठी झाली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ वेगळे राज्य झाल्यावर वारशाने इकडे आली. आता हे सर्व कागद संगणकावर आहेत. त्या व्यवस्थेला राज्याने नाव दिले आहे ‘भुइयाँ’. ‘भुई’ म्हणणाऱ्या आपल्या कानाला हे नाव किती ओळखीचे वाटते!

मात्र या सगळ्या कागदांत एक जुनी फट राहून गेली होती. मराठीत गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. सरकारला सारा मिळे तो काळीतून. म्हणून काळीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला, हद्द मिळाली, धनी मिळाला. पांढरी सबंध एकाच रेषेत वेढून सोडून दिली गेली. महाराष्ट्रात तिला गावठाण म्हणतात, इकडे ‘आबादी’. गावकऱ्यांना राहण्यासाठी राखलेली जागा, एवढीच तिची ओळख. रेषेच्या आत कोणाचे घर कोठे संपते, कोणाची बाडी कोठे सुरू होते, हे महसुली कागदाने विचारलेच नाही. त्यातून सरकारला काही मिळावयाचे नव्हते. मालगुजारी असेपर्यंत मालगुजाराचा शब्द हाच तेथला दस्तऐवज होता. १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली आणि तो शब्दही गेला. घरे होती तेथेच राहिली.

आता शब्द घडविणाऱ्यांकडे थोडे वळू. या बाबतीत रायपुराचे ऋण मोठे आहे, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. माधवराव सप्रे यांचे नाव हिंदी पत्रकारितेत आदराने घेतले जाते. मातृभाषा मराठी असलेल्या या गृहस्थाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेचा शास्त्रीय परिभाषेचा कोश १९०६ साली पुरा झाला, त्यातील अर्थशास्त्राची परिभाषा सप्रे यांनी केली. पुढे नागपुरास पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना (तेही रायपूरचेच) डॉ. रघुवीर यांनी प्रशासनाच्या परिभाषेचे प्रचंड काम हाती घेतले. संस्कृतातून घडविलेला शब्द सर्व भारतीय भाषांना एकच असावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पुष्कळ शब्दांची त्या वेळी थट्टा झाली, आणि थट्टा करणारेच पुढे त्यांतील कित्येक शब्द बिनदिक्कत वापरू लागले. एकच शब्द असण्याचे स्वप्न मात्र साधले नाही. २०१६ साली संसदेने घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाचा कायदा केला. महाराष्ट्रात त्याचे नाव ‘स्थावर संपदा’ अधिनियम, रायपुरात हिंदीतून ‘भू-संपदा’ अधिनियम. मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो. चौथ्या मजल्यावरच्या घराला ‘भू’ कोठून येणार? पण ते स्थावर आहे खास.

याच कायद्याने माझ्या त्या दलालाचा शब्दही अखेर बांधून टाकला. घर विकताना सांगावयाचे ते ‘कार्पेट एरिया’ आणि त्याची व्याख्या अशी: वापरता येईल अशी जमिनीची निव्वळ जागा, बाहेरच्या भिंती, नळ-तारांचे मार्ग, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, पण आतल्या पडभिंती धरून. ‘सुपर बिल्ट-अप’ या शब्दाला कायद्यात स्थान नाही; बाजारात अजून आहे. मराठीत कार्पेट एरियाला आपण ‘चटई क्षेत्र’ म्हणतो, ते ठीकच आहे. चटई अंथरता येईल तेवढी जागा. पण त्याच मराठीत, भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल हे सांगणाऱ्या प्रमाणाला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात. त्यात भिंतीही मोजल्या जातात, आणि भिंतीवर चटई कोणी अंथरीत नाही. परिभाषा घाईने केली म्हणजे असे होते.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा आहे, असे नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घरांचे दलाल एकत्र जमून आपापल्या याद्यांची अदलाबदल करू लागले. एकाने नोंदविलेले घर दुसऱ्याने विकले तर दलाली वाटून घ्यावयाची, असा करार. प्रथम छापील पुस्तके निघाली, मग संगणक आले. १९९९ च्या सुमारास गावोगावच्या याद्या एकमेकींशी बोलू शकाव्यात म्हणून ‘रेट्स’ नावाची सामाईक पद्धती ठरली. यंत्रे बोलू लागली, पण एकमेकींचे म्हणणे त्यांना कळेना, कारण एका गावचा रकाना दुसऱ्या गावी निराळ्या नावाने होता. अखेर त्यांना प्रत्येक रकान्याचे नाव आणि अर्थ सांगणारा एक कोशच रचावा लागला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, त्याची मला येथे आठवण झाली. काम तेच. शब्द ठरल्याशिवाय दप्तर चालत नाही.

आपल्याकडे दलालांची तशी सामाईक यादी रुजली नाही. २०१६ च्या कायद्याने ते काम काही अंशी सरकारवर आणि बांधणाऱ्यावर टाकले. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक बांधकामाचे पान असावे, किती घरांची नोंदणी झाली हे दर तीन महिन्यांनी तेथे कळवावे, आणि मोठ्या बांधकामाची नोंद झाल्यावाचून जाहिरातही करू नये.

नव्या रायपुरात या यादीचे सगळे गुण पाहावयास मिळतात. मंत्रालय २०१२ साली येथे आले. सेक्टरांना क्रमांक आहेत, भूखंडांना क्रमांक आहेत, रस्ते आखलेले आहेत. परंतु हे नगर मोकळ्या माळावर वसलेले नाही. राखी, चीचा, कयाबांधा, परसदा, उपरवारा, झांझ अशी नांदती गावे त्याच्या पोटात आहेत. गावांची काळी नगरात गेली. तिला क्रमांक होता, त्यामुळे तिचा मोबदला ठरविता आला. तो पुरेसा की अपुरा, हा वाद निराळा. पांढरी मधोमध उरली. २०२२ च्या जानेवारीत २७ गावांचे शेतकरी धरणे धरून बसले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत वस्तीच्या जागेच्या पट्ट्याची मागणी होती. ज्या घरात आजोबा-पणजोबा राहिले, ते आपले आहे असे म्हणणारा एक कागद त्यांना हवा होता.

ही फट आता बुजविण्याचे काम चालू आहे, हेही सांगितले पाहिजे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. ड्रोन हे लहान मानवरहित विमान गावावरून उडते, वस्तीची छायाचित्रे घेते, आणि चुन्याने आखलेल्या हद्दींवरून घराघराचा नकाशा व मालमत्तेचे पत्र तयार होते. २०२१ पासून जमिनीच्या तुकड्याला चौदा अंक-अक्षरांची एक ओळखही देऊ लागले आहेत. ती त्या तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात. गंटरच्या साखळीने जे शंभर वर्षांत केले नाही, ते हे विमान एका सकाळी करते.

पण चुन्याची रेघ कोठे मारावयाची, हे विमान सांगत नाही. काही दिवसांपूर्वी अशाच एका गावचे वृद्ध गृहस्थ मजकडे आले होते. हातात ग्रामपंचायतीच्या कराच्या पावत्या आणि एक जुना, घड्यांवर फाटलेला कागद. वडिलांच्या वेळच्या वाटणीचा तो लेख होता. त्यात क्षेत्रफळ नव्हते, क्रमांक नव्हता. होती ती फक्त चतुःसीमा. पूर्वेस वाट, पश्चिमेस धाकट्या भावाचा बियारा, उत्तरेस शेजाऱ्याची बाडी, दक्षिणेस कडुलिंब. मी विचारले, ‘बाबा, यांतले आज काय काय जागेवर आहे?’ त्यांनी बोटांवर मोजले. भाऊ वारला, त्याची मुले शहरात गेली. बाडीवर भिंत झाली. कडुलिंब रस्त्यात गेला. ‘वाट आहे,’ ते म्हणाले, ‘पण ती आता सहा मीटर सरकली आहे.’