पांढरं कार्ड, केशरी कार्ड

परवा भाच्यानं माझं आयुष्मान कार्ड काढून दिलं. आधारवरचं वय बघितलं, अंगठा घेतला, झालं! पगार किती, पेन्शन किती, कुणी विचारलं नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांनाच पाच लाखांचं हे संरक्षण आहे. मला मात्र त्या वेळी धाकट्या भावाची फाईल आठवली.

गोष्ट २०१४ ची. त्याचा महालात छोटासा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचा. मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना तेव्हा नवी होती. २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून आपल्या नागपुरासह सगळ्या राज्यात आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार फुकट. डायलिसिसही त्यात होतं. आम्ही मोठ्या आशेनं गेलो. पण कार्ड पांढरं निघालं.

आता हे रंग आले कुठून? १ मे १९९९ ला राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. पंधरा हजारांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर पिवळी, त्यापुढं लाखापर्यंत केशरी, लाखाच्या वर पांढरी. हेतू एवढाच, की स्वस्त धान्य कुणाला द्यायचं ते कळावं. गहू-तांदळासाठी आखलेली ती रेघ पुढं दवाखान्याच्या दारात आली, तीही लाखाचीच! मधल्या चौदा-पंधरा वर्षांत भाव कुठल्या कुठं गेले होते.

भावाचं उत्पन्न लाखाच्या थोडंसंच वर. मी मास्तरीण बाई, आठ महिन्यांची बिलं तारखेवार लावून, बेरीज करून कचेरीत नेली. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला होता. तिथला कारकून काही वाईट नव्हता. म्हणाला, "आजी, खर्च नका दाखवू, उत्पन्न दाखवा."

बाप्पा! माणूस गरीब झाला तो खर्चानंच की!

आणि योजनेत बसलो असतो तरी मागचं काही भरून मिळणार नव्हतंच. भरती झाल्यापासूनच्या तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, जेवण, सुटीनंतर दहा दिवसांची औषधं, इतकंच काय, घरी परतायचं एस.टी.चं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलं होतं. हा शेवटचा विचार मला फार आवडला, खरंच. पण रोग सापडेपर्यंत ज्या चकरा मारल्या, त्यांचा हिशेब कुठंच नाही. धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनं दहा टक्के खाटा फुकट आणि दहा टक्के सवलतीत ठेवायला लावल्या, पण तिथंही आधी उत्पन्नाचा दाखला.

न्यू जर्सीच्या भाचीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, इकडं गरिबांसाठी मेडिकेड आहे, १९६५ पासूनचं. काही राज्यांत उत्पन्नातून आजारपणाची बिलं वजा करतात, अजून न भरलेलीसुद्धा. उरलेली रक्कम मर्यादेत आली की माणूस पात्र. अमेरिकेचं बाकी काही मला पटत नाही, पण ही वजाबाकी पटली. आपल्याकडं एक अपवाद झाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाचे शेतकरी सातबारा दाखवून योजनेत आले. त्यांत वर्धा आहे, नागपूर नाही. म्हणजे तेव्हा सिंदीचा शेतकरी चालायचा, अलीकडच्या बुटीबोरीचा चालायचा नाही!

असो. बिलं फेडायला भावानं शेवटी छापखाना विकला. उत्पन्न घटलं, नवा दाखला मिळाला, कार्ड केशरी झालं आणि डायलिसिस फुकट सुरू झालं. चौदा महिने तो त्यावर जगला. मशीन विकलं त्या दिवशी म्हणाला होता, "ताई, आता मी बसतो त्यांच्या रेघेत."

२०१७ साली योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. १ जुलै २०२४ पासून ती सगळ्यांनाच खुली झाली, पाच लाखांपर्यंत. आता कार्डाचा रंग बघत नाहीत. फाईल अजून माझ्या कपाटात आहे, शेवटच्या पानावर माझ्या अक्षरातल्या बेरजेसकट.